सालाना

“लय मिरवू नगंस, माय. एका मानसाच्या मर्जीवर कुनाचं जल्मभर निभत न्हाई.” झाकणाची बिजागरी ठोकताना लिंबाजी सुतार मला म्हणाला होता. मी नवी होते, अंगाला तेलपाणी झालेलं. त्याचं बोलणं मी कानाआड केलं.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे, सोनपेठच्या वाचनालयाची. वाचनालय म्हणजे एक ओसरी, दोन वर्तमानपत्रं आणि माझ्या पोटातली साठ पुस्तकं. सगळा खर्च सांबप्पा आडत्यांचा. एखादं पुस्तक बाहेर गेलं, की परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

गावातल्या मनकर्णेकडे गेलेल्या पुस्तकाची मात्र मला काळजी नसे. एका कडेवर लेक, पदरात गुंडाळलेलं पुस्तक. ओसरीच्या टोकाला बसून ती अक्षराला अक्षर लावी. मास्तर दिनकरराव वाचनालय सांभाळत. त्यांनीच तिला वाचायला शिकवलं होतं.

मग सांबप्पा वारले आणि वर्तमानपत्रं बंद झाली. तेव्हा सरकारी कारभार उर्दूत चाले, म्हणून मास्तरांनी तहसिलीत उर्दूत दरखास्त दिली. सरकारी मदत आली! पुढल्या साली मात्र काहीच आलं नाही. मास्तर विचारायला गेले, तर कारकून म्हणाला, “तुम्ही इमदाद मागितली, मिळाली. ‘सालाना’ कुठं लिहिलंय?”

परत येऊन मास्तर माझ्या झाकणावरच बसले. “मला वाटलं, मदत म्हणजे दरसालचीच.”

मनकर्णा हसली. “एक डाव जेवू घाला म्हनलं, की एकच डाव वाढतेत, मास्तर. रोजचं कुठं मागितलं तुमी?” मग हळूच म्हणाली, “तो शबुद मला शिकवा.”

ती माझ्या झाकणावर पाटी ठेवून उर्दू गिरवू लागली. लेक ओरडायची, “माय, उलटीकडून लिहायलीस!”

“सरकार तिकडूनच वाचतंय, बाई.”

नव्या दरखास्तीत ‘सालाना’ तिनं स्वतः लिहिलं. सहीही तिचीच. ‘विचार चालू आहे,’ एवढंच तहसिलीतून कळलं.

नंतर मुलखात गडबड माजली. जिवाच्या भीतीनं लोक घरांना कुलपं लावून निघाले. मास्तरांनी मला बैलगाडीत घातलं आणि मनकर्णेलाही चल म्हणाले.

“जवाब माझ्या नावानं येनार हाय,” ती म्हणाली. “घरी कुनी न्हाई दिसलं, तर कागद माघारी जाईल. मंग पुन्हा कोन देतंय?”

गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती, लेकीचा हात धरून.

आता राज्य बदललं, रस्ते खुले झाले. मी परभणीत मास्तरांच्या भावाच्या माळवदाखाली आहे. पुस्तकं शाबूत आहेत. मास्तर अंथरुणाला खिळलेत. सोनपेठहून कुणी आलं का, एवढंच विचारतात. मित्रांनो, वाचनालय असंच एखाद्याच्या जिवावर टाकू नका. त्याच्यासाठी दरसालची सोय मागा आणि सगळ्यांनी मिळून मागा.

तुमच्यापैकी कुणी सोनपेठच्या बाजाराला जाणार असेल, तर मनकर्णेच्या दारावर थाप मारा. जवाब आला का, ते नंतर विचारा. आधी ती आणि तिची लेक घरात आहेत का, तेवढं बघून या.