कॉफीपुरता चिखल

रॅग्नहिल्ड ट्वेटच्या घरासमोर रस्ता खोलगट होता. पाऊस झाला की तिथं असा काळा, चिकट चिखल होई की घोड्यांच्याही नाकी नऊ येत. अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या भागात आधी मोटार होती ती एकट्या बँकवाल्याकडे, आणि तो ती पावसात बाहेर काढत नसे. पुढं फोर्ड वर्षागणिक स्वस्त होत गेली. कारखान्यात म्हणे गाडी कामगारांसमोरून सरकत जायची आणि जो तो आपापला भाग बसवायचा. बघता बघता पाद्री, बियाणंवाला, गुरांचा डॉक्टर, सगळ्यांकडे काळी फोर्ड आली आणि जो तो रॅग्नहिल्डच्या दारात रुतू लागला.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. इंजिन केकाटलेलं ऐकू आलं की ती घोडे जुंपूनच बाहेर येई. गाडी चिखलातून ओढून दिल्यावर कुणी पैसे काढले तर म्हणे, "ठेवा ते खिशात. पाय पुसून आत या, कॉफी टाकलीय."

चष्मे विकणारा एल्मर स्ट्राउड तर दर पावसाळी हवेत हटकून रुतायचा.

"तुमचं दार आलं की माझी गाडी पुढं जायलाच मागत नाही, बाई."

"गाडी की तुम्ही? आज केक नाहीये, आधीच सांगते."

"मग उगाच रुतलो म्हणायचं!"

ती खळखळून हसे. ते हसू तिला पुढं कितीतरी दिवस पुरे.

मग मोटारवाल्यांनी ओरड केली आणि रस्त्यावर खडी टाकायचं ठरलं. पाणी काढायला चर हवा म्हणून तिच्या शेताची पट्टी मागितली. तिनं दिली. नाही म्हणायला कारण तरी काय सांगणार होती?

त्यानंतर पाऊस पडे, इंजिनाचा आवाज येई आणि तसाच पुढं निघून जाई. स्ट्राउडनं एकदा वेग जरा कमी केला. "घाईत आहे, बाई! आता दिवसात दोन गावं जास्त होतात!" एवढं ओरडून तो गेला.

त्या हिवाळ्यात तिनं घोडे विकले आणि स्वतःच फोर्ड घेतली.

"डावा पाय दाबा, पुढं जाईल. मधला दाबा, मागं. उजवा म्हणजे ब्रेक," विकणाऱ्यानं शिकवलं. ती कुंपणावर गाडी घालत लगाम ओढल्यासारखं "होऽ, होऽ, थांब!" करायला लागली तसा तो किंचाळला, "अहो, घोडा नाही तो! पाय दाबा, पाय!"

उन्हाळ्यात एका रविवारी बटाट्याच्या पोळ्या लोणी-साखर लावून बांधून घेतल्या आणि ती नणंदेकडे, मारितकडे निघाली. पूर्वी बग्गीनं अर्धा दिवस जाई, म्हणून नाताळखेरीज जाणं नसे. आता तासाभरात पोचली. दार ओढून घेतलेलं. शेजारचा म्हातारा कुंपणाशी आला.

"मारित फिरायला गेली, सगळ्यांना घेऊन. गाडी आल्यापासून रविवारी घरी सापडतंय कोण?"

"तुम्ही आहात की," रॅग्नहिल्ड म्हणाली. "या, पोळी खा."

"दात नाहीत हो." म्हातारा आत गेला.

पायरीवर बसून तिनं एक पोळी खाल्ली. बाकीच्या फडक्यात बांधून कडीला अडकवल्या. परत येताना समोरून एक फोर्ड धुरळा उडवत गेली. आतून कुणीतरी हात हलवला. कोण ते धुळीत दिसलं नाही. तिनंही हलवला. घरी पोचल्यावर इंजिन बंद करून ती स्टीअरिंगचं चाक धरून तशीच बसून राहिली. गोठ्यातून गाय हंबरली, तेव्हा उतरली.