शेपूट माझ्यात, चोच शेजारणीत

“एका वेळी एकच पेटी! पहिली झाकल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. कळलं का सगळ्यांना?”

टोपीवाल्या साहेबांचा हा आवाज अजून माझ्या फळ्यांत घुमतो. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. माझा क्रमांक पंचवीस. एका पुराणवस्तू संग्रहालयाच्या तळघरात, दुसऱ्या मांडणीच्या तिसऱ्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. वर दालनात काचेच्या कपाटांत मिरवणाऱ्या वस्तू तुम्ही पाहिल्या असतील. पण खरा खजिना आमच्या पोटात असतो बरं का! आणि आज मला इतका आनंद झाला आहे, की माझे खिळे सैल होतील की काय असं वाटतंय.

माझा जन्म खोदकामाच्या जागेवर झाला. सुताराने तिथेच मांडव घालून आम्हा चाळीस बहिणींना घडवलं. साहेबांची पद्धत अशी, की एका दिवसाला एक पेटी. त्या दिवशी मातीतून जे निघेल ते धुवायचं, वाळवायचं आणि संध्याकाळी त्या दिवसाच्या पेटीत ठेवायचं. वस्तूंची सरमिसळ होऊ नये, म्हणून एका वेळी एकच पेटी उघडायची. नियम चांगलाच होता. त्यात घोटाळा कसा झाला, तेच तर सांगते आहे.

खापरं धुवायला तीन बहिणी येत. त्यांतल्या सर्वांत लहानीला सगळे धाकटी म्हणत. तिची तान्ही लेक तिथेच सावलीत झोळीत झोपलेली असे. एका संध्याकाळी, अगदी काम आटपता आटपता, धाकटीच्या चाळणीत एक मातीचं गोल पोट आलं. ओंजळीत मावेल एवढं. मागे आखूड शेपूट, पाठीवर तीन रेघा. डोकं मात्र तुटलेलं. तिने ते धुतलं, उलटंपालटं केलं आणि एकदम ओरडली, “साहेब, ही बाळाला दूध पाजायची झारी आहे!”

“कशावरून?” साहेबांनी विचारलं.

“हातात धरून बघा ना. बाळ मांडीवर घेतल्यावर दुसऱ्या हातात कशी बसते ते!”

साहेब हसले. “मांडीवर बाळ घ्यायची सवय नाही मला. पूजेचं पात्र असावं हे.”

साहेबांना जे ओळखू येत नसे ते पूजेचं असे. त्यांनी वहीत तसंच लिहिलं आणि ते पोट माझ्यात ठेवून झाकण लावलं.

त्या रात्री धाकटीच्या लेकीला ताप भरला, म्हणून दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. नेमकं त्याच दिवशी सकाळी पक्ष्याचं इवलंसं डोकं सापडलं. ते गेलं माझ्या शेजारणीकडे, सव्वीस नंबरकडे. वहीत नोंद झाली, ‘खेळण्यातला पक्षी, फक्त डोकं.’ थोरल्या बहिणीने घरी जाऊन धाकटीला एवढंच सांगितलं, “अगं, त्याच्या चोचीला बारीक भोक होतं.” लेक बरी होऊन धाकटी परत येईपर्यंत आम्ही दोघी गाडीत चढलो होतो.

पुढे काय सांगू? सुरुवातीला पाहुणे येत, माझं झाकण उघडून “वा!” म्हणत. नंतर कुणी फिरकेनासं झालं. माझ्या अंगावर बोट बोट धूळ साचली. आणि शेजारीण रोज विचारायची, “अगं, माझ्याकडे हे डोकं पडलंय. याचं धड कुणाकडे असेल?” मी ओरडायची, “माझ्याकडे, बाई, माझ्याकडे!” पण पेट्यांचं बोलणं माणसांना ऐकू येत नाही. आणि नियम तर पक्का, एका वेळी एकच पेटी. दोघींची झाकणं एकदम कधी उघडलीच नाहीत. वीतभर अंतर, पण अठ्ठेचाळीस वर्षं तुटलेली!

मग महिन्यापूर्वी एक दिवस भांडार सांभाळणाऱ्या ताई एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून खाली घेऊन आल्या. बाई पायऱ्या चाचपत उतरत होत्या. आवाज ऐकला मात्र, मी ओळखलं. धाकटी! सत्तरी गाठली तरी तोच आवाज.

“डॉक्टर म्हणतात, दोन-तीन महिन्यांत उरलीसुरली नजरही जाईल,” ती ताईंना सांगत होती. “जाऊ दे गेली तर. खूप पाहिलं. पण ती झारी होती की नव्हती, तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय. त्या टोपीवाल्यांनी माझं बोलणं हसण्यावारी नेलं हो!”

ताईंनी वही चाळली. झारी कुठेच नव्हती. असणार कशी?

“तारीख आठवते का, आजी?”

“तारीख कशी आठवेल? पाठीवर तीन रेघा होत्या, एवढं आठवतं. लेकीला रात्री ताप भरला, त्या दिवशीची गोष्ट. ती लेक आता स्वतः आजी झाली!”

ताई हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही हेलपाटे घालू नका. मी रोज एक पेटी पाहीन. सापडली, की मी स्वतः तुमच्या घरी सांगायला येईन. हा माझा शब्द.”

ताई फार बोलत नाहीत, पण त्यांचा नेम कधी चुकत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी हात धुऊन, क्षणभर डोळे मिटून, एक पेटी उघडू लागल्या. एक, दोन, तीन... कधी डोकं दुखत होतं, कधी तळघरातला दिवा गेला होता, पण पेटी उघडलीच. मी दिवस मोजत होते. बावीस! तेवीस! चोविसाव्या दिवशी मला काही सुचेना.

आणि काल माझं झाकण उघडलं. ताईंनी पोट हातात घेतलं, पाठीवरच्या रेघा बोटाने मोजल्या. एक, दोन, तीन. “पण डोकं?” त्या पुटपुटल्या. मग वही उघडून एकदम म्हणाल्या, “‘खेळण्यातला पक्षी, फक्त डोकं.’ दुसऱ्याच दिवशीचं. म्हणजे पुढची पेटी!”

त्यांचा हात शेजारणीकडे गेला आणि तिथेच थबकला. नियम! वीस वर्षांत त्यांनी एकही मोडला नव्हता. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. त्यांनी मला झाकलं आणि त्या जिना चढून गेल्या.

आज सकाळी त्या संग्रहालयाच्या प्रमुखांनाच घेऊन खाली आल्या.

“ताई, तुम्ही नियम मोडायला निघालात? मला चिमटा काढा बघू,” प्रमुख म्हणाले.

“मोडत नाही, साहेब. सरमिसळ होऊ नये एवढंच ना?” ताईंनी टेबलाच्या मधोमध पांढरी फीत चिकटवली. “इकडे पंचवीस, तिकडे सव्वीस. दोन्हींवर चिठ्ठ्या लावते. आणि साक्षीला तुम्ही.”

प्रमुखांनी फितीच्या दोन्ही बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाले, “मग उघडा की! वाट कसली बघताय?”

मित्रांनो, आमची दोन्ही झाकणं एकदम उघडली! शेजारीण थरथरत होती. ताईंनी कापसासारख्या हलक्या हाताने डोकं मानेवर टेकवलं. फट दिसेना, इतकं ते नेमकं बसलं. मग त्यांनी छोटी बॅटरी पोटाच्या दूध ओतायच्या तोंडाशी धरली आणि चोचीतून उजेडाचा एक ठिपका टेबलावर पडला. मोहरीएवढा!

“बाळाच्या ओठांत मावेल एवढीच धार,” ताई म्हणाल्या.

प्रमुखांनी कपाळाला हात लावला. “आणि आम्ही याला पूजेत बसवलं होतं! आजींना कळवा, आजच पत्र पाठवू.”

“पत्र वाचायला डोळे कुठे आहेत, साहेब? मी जाते. म्हणजे त्यांना इथे आणताही येईल. चालेल ना?”

“चालेल काय, पळा! आणि ऐका, त्यांना हातात धरू द्या.”

मित्रांनो, काही हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा आईने आपल्या लेकरासाठी ही झारी घडवली. ती ओळखली दुसऱ्या एका आईने, जिचं नाव वहीत कुठेच नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, जुन्या वस्तू जपाच. पण त्या धुणाऱ्या, चाळणाऱ्या माणसांनाही विचारत जा. त्यांच्या हातांना पुष्कळ माहीत असतं.

ताईंनी झारी मऊ कापडावर ठेवली आणि वहीतली जुनी नोंद न खोडता तिच्याखाली नवी ओळ लिहिली. मग चपला घातल्या, धाकटीच्या पत्त्याचा कागद पदराआड धरला आणि त्या जिना चढू लागल्या.