दोनदा वाजलेली वाटी

टेमघरच्या आक्काने यंदाच्या चातुर्मासात मौन धरलं, तेव्हा आळीतल्या बायकांनी तिला हात जोडले. दुपारी बाराला देवाला नैवेद्य दाखवला की दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नेम. गेल्या वर्षी तिने मीठ सोडलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी चपला. अडुसष्टाव्या वर्षीही तिचा एकही चातुर्मास कोरडा जात नव्हता.

पण हातावर पाणी घेऊन संकल्प सोडताना यंदा आक्काच्या मनात देवाशेजारी आणखी एक जण बसला होता. तो तिचा धाकटा भाऊ, कशेळीचा पंढरी.

पंढरीचा फोन रोज दुपारी तीनच्या सुमारास यायचा आणि पाच वाजले तरी संपायचा नाही. "आक्के, जेवलीस कं? काय जेवलीस? मना तर तोंडाला चवच न्हाय. हिनं परत कालवनात मीठ जास्ती टाकलंय." मग गुडघा. मग घरासमोरून जाणारे कंटेनर, त्यांची धूळ, त्यांचे भोंगे. मग मुलगा मनोज वेळेवर जेवत नाही, ते. मग परत गुडघा. आक्काची सून भाविका हसायची. "आई, मामांचा फोन म्हणजे जुना रेडिओ. बंद होत नाही, नुसतं स्टेशन बदलतं."

बिचाऱ्याला दुसरा उद्योग तरी काय होता! खाडीकाठची शेती गोडाऊनखाली गेली त्याला आता बारा वर्षं झाली. पैसे आले, घरावर दोन मजले चढले, आणि पंढरीचे हात रिकामे झाले. मग त्याने गच्चीवर निळी पिंपं मांडली. त्यांत दुधी लावला, मिरच्या लावल्या, आणि एका पिंपात चक्क भात. एक पिंप भात! शेजारचे लोक मुद्दाम बघायला यायचे. पंढरी त्यांना गंभीरपणे सांगायचा, "यंदा पाऊस बरा हाय, पन उंदरांचा तरास फार. गोडाऊनचे उंदीर हायेत, माजलेले."

आई गेली तेव्हा पंढरी सहा वर्षांचा होता आणि आक्का बारा. तिनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं. बासष्ट वर्षांचा झाला तरी त्याची सवय सुटली नव्हती. मिरचीला राख घालू का, ते आक्काला विचारायचं. मनोजला रागवू का, आक्काला विचारायचं. नवी चादर निळी घेऊ की हिरवी, तेही. आक्का सांगेल ते आणि तसंच. वर लोकांना सांगायचा, "आमची आक्का व्रताची बाई हाय. तिचा शब्द खोटा व्हायचा न्हाय."

आणि छाती. गेली तीन वर्षं त्याच्या छातीत काहीतरी व्हायचं. दोनदा मनोजने कामावरून धावत येऊन त्याला ठाण्याला नेलं, ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी गॅस सांगितला. त्यानंतर पंढरीने छातीला हात लावला की घरातलं माणूस आधी ओव्याच्या डब्याकडे बघायचं.

तर आक्काने मौन धरलं ते अशा सगळ्याला कंटाळून. देवाची सेवा होईल आणि दुपारी दोन घटका कानही शांत राहतील, असा तिचा हिशोब. तिच्या लक्ष वाती चालल्या होत्या. बोट दुधात बुडवायचं, कापसाचा पेळू ओढायचा, वळायचा. त्या कामात तिचं मन लागायचं, आणि तेवढाच वेळ पंढरीने धरलेला.

पहिल्या दिवशी तिने फोन उचललाच नाही. तासाभरात पंढरी रिक्षा करून टेमघरला हजर, कपाळावर घाम, सदऱ्याची बटणं खालीवर. आक्काने ओठांवर बोट ठेवलं, देवाकडे हात केला. भाविकाने सगळं समजावून सांगितलं. पंढरी मट्कन खाली बसला आणि हसायला लागला.

"आक्के, तू मौन धर ना. बोलनार मीच हाय. तू निस्ती आयकायची."

आणि युक्तीही त्यानेच काढली. वातींच्या दुधाची वाटी आक्काच्या पुढ्यात असायचीच. त्या वाटीवर पळी एकदा वाजवली की हो, दोनदा वाजवली की न्हाय. फोन स्पीकरवर ठेवायचा. नेमही मोडत नाही आणि भावालाही उत्तर मिळतं. आक्काने कपाळाला हात लावला, पण त्याचा चेहरा बघून एकदा वाटी वाजवली. टण.

अशा रीतीने मौनातही तक्रारी चालू राहिल्या.

श्रावण वद्य दशमीचा तो दिवस. हवा दमट होती, कापूस ओलसर झाला होता, वाती मध्येच तुटत होत्या. दिवसाच्या वाती व्हायला अजून दोनशे बाकी होत्या. पावणेतीनलाच फोन वाजला. पंढरी भाताविषयी बोलला, भात पोटरीत आलाय, आता लोंब्या निघतील म्हणाला. मग छातीवर आला.

"आक्के, आज छातीत जड जड वाटतंय गं. हात पन दुखतोय, डावा. घाम सुटलाय. ही भजनाला गेली देवलात. मनोज वडप्याला कामावर, सून माहेरी. दवाखान्यात जाव कं मी?"

आक्काच्या हातातली वात तुटली. तिच्या मनात आलं, झालं याचं सुरू. आता हो म्हटलं की हा मनोजला फोन करणार. गेल्या दिवाळीत असंच झालं होतं. पोराला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून यावं लागलं, आणि निघालं काय तर चिवड्याचा गॅस. मग मनोज आपल्यालाच म्हणाला होता, "आत्या, तू त्यांना ताब्यात ठेव ना जरा. तुझंच ऐकतात."

तिने पळी उचलली. टण, टण.

मग पंढरीने विचारलं, "न्हाय?"

आक्काने परत वाजवली. दोनदा, आणि जरा जोरात.

"बरं. तू बोलतंस तर न्हाय जात. जरा पडतंय वर चटईवर."

फोन बंद झाला. इतक्या लवकर बंद झाला म्हणून आक्काला बरंच वाटलं. पुढची वात तिने वळली ती न तुटता, सुरेख झाली. तिने ती उजेडात धरून बघितलीसुद्धा.

पाच वाजता तिचा मुलगा प्रितेश घरी आला आणि दारातच उभा राहिला. मामा गेले, म्हणाला. पंढरीची बायको सीताबाई भजनावरून परतली, चहा टाकला, हाक मारली, ओ आली नाही म्हणून गच्चीवर गेली. पिंपांच्या सावलीत चटईवर पंढरी कुशीवर पडलेला होता.

कशेळीला पोचेपर्यंत साडेपाच झाले. दिवे लागायला अजून तास होता. बायका आक्काच्या गळ्यात पडून रडल्या. आक्का भावाच्या उशाशी बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, तोंडातून हूं की चूं नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "बघा, पाठचा भाऊ गेला तरी नेम मोडला न्हाय. बाई हाय का देवी!" एका म्हातारीने वाकून तिच्या पायांना हात लावला. आक्काने पाय आखडून घेतले. लोकांना तोही तिचा मोठेपणाच वाटला.

मुठी आवळून बसलेला मनोज आईला मात्र सगळ्यांसमोर बोलला. "आज भजन नसतं केलंस तर काय देव पळून जाणार होता? माणूस तडफडत गेला घरात एकटा. एक फोन करायला कोण नव्हतं त्याला."

सीताबाईने नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

त्या दिवसापासून मनोज आईशी बोलेनासा झाला. एका घरात राहून निरोप बायकोकडून. बाप वापरायचा ती मोरीतली बादली आईने उचलली तरी तो हातातून काढून घ्यायचा. यंदा दुःखाचं घर म्हणून गणपती आणला नाही. त्या दिवसांत सीताबाई स्वयंपाकघरात एकटीच बसून असायची, असं भाविका सांगत आली.

आक्काने तीन दिवसांचं सुतक पाळलं आणि परत वातींना बसली. दुपारी तीन वाजले की हात थांबायचे. देवाला तिने सगळं सांगितलं. देवाला सांगणं सोपं होतं, तो कशेळीला राहत नव्हता. सीताबाईला सांगायचं म्हणून दोनदा ती पदर खोचून निघाली आणि नाक्यावरूनच परत आली. लोक पायाला हात लावतात ते डोळ्यांसमोर यायचं. मनोजचा चेहरा यायचा. भावाच्या मागे माहेर म्हणून तेवढाच एक उंबरा उरला होता.

महिना भरला त्या दिवशी आक्का कशेळीला गेली. पितृपक्षच चालू होता. सकाळी विधी झाले, पंढरीच्या आवडीचं सगळं रांधलं होतं: वालाचं बिरडं, घारगे, दुधीची भाजी. पानं वाढेपर्यंत एक वाजला. आक्काचं मौन लागलेलं. तिला भिंतीशी, सगळ्यांच्या आधी पाट मांडून दिला. समोर सीताबाई बसली. महिन्याभरात तिचे गाल बसले होते, गळ्याजवळ ब्लाउज सैल झालं होतं.

मनोज भात वाढत आला. आक्काला वाढलं, पाहुण्यांना वाढलं. आईच्या पानाशी आला आणि तसाच पुढे गेला. मग बायकोला मोठ्याने म्हणाला, "तिला आधी वाढ गं. भजनाला उशीर व्हायचा तिला. आज कोण मरणार हाय, विचारून घे आणि जाऊ दे."

जेवणारे हात जागच्या जागी थांबले. एका पाहुण्याने "अरे मनोज" म्हटलं. सीताबाई पानाकडे बघत होती. तिने मीठ घेतलं, बोटांनी चुरत बसली.

आक्काला कळलं, की दिवेलागणीपर्यंत थांबलं तर आपण बोलणार नाही. संध्याकाळी रिक्षात बसू, घरी जाऊ, आणि उद्या वाती वळू. तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता घोगरा आवाज आला.

"मनोज."

सगळ्यांच्या माना वळल्या. भाविका घाबरून म्हणाली, "आई, तुमचं मौन!"

"राहू दे." आक्का म्हणाली. "मनोज, तुझ्या बापाने त्या दिवशी मला फोन केलेला. छातीत दुखतंय, घाम येतोय, बोलला. दवाखान्यात जाव का, विचारलं त्यानं. मी न्हाय सांगितलं. दोनदा विचारलं, दोनदा न्हाय सांगितलं. मला त्याच्या रडगाण्याचा कंटाला आलेला. तुझी आई नव्हती म्हणून न्हाय गेला तो. मी न्हाय बोलले म्हणून तो गेला न्हाय दवाखान्यात."

मनोजच्या हातात भाताचं पातेलं तसंच होतं. तो आत्याकडे बघत राहिला. काहीतरी समजत नसल्यासारखा म्हणाला, "तू? तू तर बोलत नव्हतीस ना दुपारची."

"वाटी वाजवली," आक्का म्हणाली.

तेव्हा सीताबाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मला ठावं हाय ते," ती म्हणाली. "त्यानंतर मलापन फोन केलेला त्यांनी. मी देवळाच्या बाहेर येऊन घेतला. बोलले, दुखतंय गं. मी बोलले, थांबा, रिक्षा करून येतंय, जाव दवाखान्यात. तर बोलले, नको येऊ, आक्का न्हाय बोलली. व्रतात हाय ती, तिचा शब्द खोटा व्हायचा न्हाय. आणि मीपन आयकलं. आत जाऊन परत टाळ घेतले हातात."

"मग मला का नाही सांगितलंस?" मनोज ओरडला. "महिनाभर मी तुला..."

"काय सांगू? तुझा बाप बहिणीच्या शब्दानं गेला, असं सांगू तुला? तुला बाप न्हाय राहिला. आत्या तरी राहू दे, बोलले मी." मग ती आक्काकडे वळली. चाळीस वर्षांत नणंदेला तिने कधी तुमी सोडून हाक मारली नव्हती. "ऱ्हाऊन ऱ्हाऊन आज बोललीस तू? त्या दिवशी बोलायचं होतंस. एक शब्द. जा बोलली असतीस, नेम मोडला असता, काय झालं असतं? आज कुनाला पायजे तुझं बोलणं?"

अंगणात पोरं कावळ्यांचं पान राखत होती, त्यांचा आवाज येत होता.

मनोजने पातेलं खाली ठेवलं. तो आईच्या पानाशी उकिडवा बसला. मग डावाने तिच्या पानावर भात घातला, त्यावर वरण घातलं, आणि महिन्याभरानंतर तिच्याशी पहिल्यांदा बोलला. "आई, बीपीची गोली घेतलीस का सकालची?"

सीताबाईने मान हलवली. घेतली नव्हती. तो उठून आत गोळी आणायला गेला. जाताना आक्काच्या पाटाला वळसा घालून गेला.

पुन्हा वाढप सुरू झालं. बिरडं आलं, घारगे आले. आक्काच्या पानाशी कोणी थांबलं नाही, आणखी वाढू का असंही कोणी विचारलं नाही. तिला उठून जावंसं वाटत होतं. पण गेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न पानात टाकून उठायचं नसतं, हे पंढरीला तिनेच लहानपणी शिकवलं होतं. तिने मान खाली घातली आणि पानातला भात, निवलेला, कोरडा, एकेक घास करून संपवला.