मुठीतला अंगठा

आमच्या संग्रहालयाच्या संचालकबाईंना आम्ही पाठीमागे ‘मनकवड्या’ म्हणतो. आधी मानसशास्त्रज्ञ, मग विद्यापीठाच्या कुलगुरू, आता आमच्या डोक्यावर. माणूस खुर्चीत टेकेपर्यंत त्यांनी त्याला आतून-बाहेरून वाचलेलं असतं. “भ्यालेला माणूस अंगठा मुठीत लपवतो,” असं मुलाखतीत माझ्या मुठीकडे बघत म्हणाल्या, आणि नोकरी दिली.

सोमवारी विद्यापीठातून त्यांच्या जुन्या प्रयोगाची पेटी आली. अंधाराला भिणारी चाळीस मुलं, चाळीस कार्डं. या प्रयोगानं बाईंचं नाव झालं. पुढची प्रत्येक खुर्ची त्याच्याच जोरावर. मुलांना सही येत नव्हती, म्हणून प्रत्येक कार्डाखाली अंगठ्याचा ठसा.

नोंदवही माझ्या ताब्यात. वस्तू आधी भिंगाखाली, मग तिला क्रमांक. एकदा क्रमांक पडला की ती कुणाच्या बापाला हलवता येत नाही. नियम बाईंचाच.

छत्तिसाव्या कार्डावर मी अडकलो. ठसा पोराचा नव्हताच. चांगला मोठा, मधोमध कापल्याची तिरकी खूण. सदतिसाव्यावर तीच. थेट चाळिसाव्यापर्यंत तीच.

ही खूण माझ्या ओळखीची होती. लहानपणी पत्र्यानं अंगठा कापल्याची गोष्ट बाई येईल त्याला खूण दाखवून सांगतात.

तेवढ्यात बाईच दारात.

“कुठवर आलात?”

“पस्तीस झाली, मॅडम.”

“उरलेली पाच बाजूला ठेवा. कसर लागली असेल.”

“कागद ठणठणीत आहे, मॅडम.”

“तुमचं कंत्राट मार्चपर्यंतच ना?”

आवाज लोण्यासारखा मऊ. बाईंची नजर खाली गेली.

“अंगठा आत गेला तुमचा.”

“तुमचाही, मॅडम.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. बाईंनी स्वतःच्या मुठीकडे पाहिलं, परक्या कुणाची असावी तसं. मग स्टुलावर बसल्या.

“पाच मुलं आलीच नाहीत हो. प्रबंध द्यायला दोन दिवस उरले होते.” बाईंनी नोंदवही माझ्याकडे सरकवली. “घाला क्रमांक.”

“शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू?”

“काही लिहू नका. शाईचं पॅड आणा.”

शेऱ्याच्या रकान्यात बाईंचा पहिला ठसा फराटला. दुसऱ्यांदा मनगट मला धरावं लागलं.