मंगळवारचे अनोळखी लोक

माझ्या नवऱ्याच्या बँडचं नाव ‘पुन्हा एकदा’. नावातच सगळं आलं. गाणी दुसऱ्यांची, वाजवणारे हे तिघं. मास्तर गिटार वाजवतात आणि गातात. दिवसा ते शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे गाताना समोरच्याकडे ‘कळलं का?’ अशा नजरेनं बघतात. ड्रमवर वादळ. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ते त्याची आईसुद्धा वापरत नाही. आणि बास गिटारवर माझा नवरा. बास म्हणजे जी वाजत असताना कुणाला ऐकू येत नाही, पण नसली तर म्हणे सगळ्यांना कळतं.

दर मंगळवारी संध्याकाळी हे बाजाराच्या टोकाच्या एका रेस्टॉरंटमध्ये वाजवतात. मंगळवारी का, तर शनिवारी चांगले बँड असतात. मंगळवारी तिथे वेटरसुद्धा निम्मेच असतात.

गेल्या मंगळवारी मालकानं सांगून टाकलं, “पुढच्या खेपेला टेबलं भरलेली दिसली नाहीत, तर त्या कोपऱ्यात मी माशांची टाकी ठेवणार. मासे निदान मला गाणं कसं वाटलं असं विचारत नाहीत.”

त्यावर वादळनं जाहीर केलं की मंगळवार गेला तर तो ड्रम विकणार. घरात त्या खोलीवर त्याच्या बायकोचा डोळा आहेच. आणि ड्रम गेले की बँड संपला. नवरा हे मला सांगत होता तेव्हा एकच ताट पुसत होता. पुसून झालं तरी पुसत होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा हा माणूस मंगळवारी सकाळी उठतो तोच शीळ घालत. बुधवारी शीळ बंद. मी बघते ना.

“त्यात काय एवढं?” सासूबाई म्हणाल्या. “आपण जाऊन बसू. वेगवेगळ्या टेबलांवर. कुणी कुणाला ओळखायचं नाही.”

“आई, ही फसवणूक झाली,” मी म्हटलं.

“कसली फसवणूक? सूप पिणार आहोत आपण. खरं सूप!”

नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलवेना. मग नियम ठरले. एकमेकांकडे बघायचं नाही. टाळ्या वाजवायच्या, पण जीव तोडून नाही. आणि मी बाळाला घेऊन स्टेजकडे पाठ करून बसायचं, कारण दहा महिन्यांच्या मुलीला ‘बाबा दिसले तरी ओळख दाखवू नकोस’ हे कोण समजावणार?

मी दहा मिनिटं आधीच पोचले. टेबलावरची मेणबत्ती शेजारच्या टेबलावर ठेवली. मीठ, टूथपिकची डबी, प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ, सगळं तिकडे. भिंतीलगतच्या वायरीला खुर्ची आडवी लावली. बाळाच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे गोल डबे चढवले. त्यात ती हेलिकॉप्टर चालवायला निघाल्यासारखी दिसत होती.

हळूहळू आमचे अनोळखी लोक येऊ लागले. मास्तरांची बायको दाराजवळ बसली. वादळचे सासरे मधल्या टेबलावर. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या की वाजवायच्या असं त्यांना सांगितलेलं. सासूबाई खिडकीशी. ठेवणीतली शाल, ओठांवर हलकी लिपस्टिक. मी बघायचं नाही असं ठरलं होतं, पण कान तर उघडे होते.

“बाहेरगावची आहे मी,” त्या वेटरला सांगत होत्या. “जागेच्या व्यवहारासाठी आलेय.”

“कुठली जागा, मॅडम?”

“एक नाही, दोन,” सासूबाई म्हणाल्या. सूप येईपर्यंत त्यांनी दोन्ही विकून तिसरी बघायला घेतली होती.

खरी म्हणावीत अशी माणसं दोनच. कोपऱ्यात चाळिशीचं एक जोडपं डोकी जवळ करून काहीतरी बोलत होतं.

गाणी सुरू झाली. मास्तर जोरात, वादळ त्याहून जोरात. पहिलं गाणं संपलं आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्येच मास्तरीणबाईंनी हातावरचा डास मारला, तर वादळच्या सासऱ्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मालक काउंटरमागे उभा राहून एकेका टेबलावरून नजर फिरवत होता. मी त्याचा चेहरा वाचायला लागले. भुवई वर गेली, ही चांगली खूण की वाईट? ओठ मुडपले. हिशेब करतोय की माशांचा विचार करतोय?

तेवढ्यात स्पीकरमधून, गाण्याच्या ऐन मध्यावर, माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

“अगं, तिच्या तोंडात काहीतरी आहे!”

मी खाली बघितलं. बाळ मांडीवर वळून स्टेजकडे तोंड करून बसलं होतं आणि गाल फुगवून काहीतरी चघळत होतं. खुर्चीच्या गादीत त्या प्लॅस्टिकच्या फुलाची एक पाकळी राहिली असणार. सगळं हलवलं आणि हेच राहिलं.

मग जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. खिडकीकडून “पालथी कर, पालथी!” असं ओरडत सासूबाई. दाराजवळून धावत मास्तरीणबाई. वादळचे सासरे, ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, तेही सगळे पळताहेत म्हणून पळत आले. स्टेजवरून नवऱ्यानं उडी मारली ती वायरीसकट. मी बाळाच्या गालात बोट घालून पाकळी बाहेर ओढली. बाळानं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि आपला खाऊ पळवल्याबद्दल भोकाड पसरलं. इतका सुंदर आवाज त्या संध्याकाळी दुसरा झाला नव्हता.

“पोटात तर नाही ना गेली? अख्खी आहे ना? दाखव,” नवरा पाकळी उलटसुलट करून बघत होता.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. हॉलमधली जवळजवळ सगळी गर्दी एका टेबलाभोवती उभी होती आणि बाकीची टेबलं रिकामी.

“मॅडम,” वेटर चकित होऊन म्हणाला, “तुम्ही तर बाहेरगावच्या ना?”

“बाहेरगावची असले म्हणून काय झालं?” सासूबाई कडाडल्या. “नात माझी आहे!”

मालक काउंटरमागून सावकाश आला. “हे सगळे तुमचेच?”

मास्तरांनी घसा खाकरला. “सगळे नाही म्हणता येणार.”

“कोण नाही?”

मास्तरांनी कोपऱ्यातल्या जोडप्याकडे बोट दाखवलं. मालक तिकडे वळला. नवऱ्यानं बाळाला छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं, झालं. आता मंगळवारीही शीळ नाही.

“तुम्ही गाणी ऐकायला आलात का?” मालकानं विचारलं.

“छे हो,” त्यातली बाई म्हणाली. “दर मंगळवारी येतो आम्ही. बाकीच्या दिवशी इथे गर्दीत एकमेकांचा शब्द ऐकू येत नाही. घरात दोघांचे आईवडील, तिघं मुलं, बोलायचं कुठे? इथे गाणं सुरू असलं की आमचं बोलणं शेजारी जात नाही. बरं असतं.” मग बाळाकडे बघून म्हणाली, “ठीक आहे ना ती?”

“हो, हो,” मी म्हटलं.

“फक्त जरा हळू वाजवलंत तर...” तिचा नवरा मास्तरांना म्हणाला. “आम्हालाच आमचं ओरडून बोलावं लागतं.”

मास्तरांचा चेहरा पडला. मालकानं मात्र बराच वेळ हनुवटी खाजवली. “अशी माणसं आणखी असतील,” तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्यानं, “मंगळवार ठेवा तुम्ही. पण आवाज एवढाच, की समोरचं माणूस ऐकू आलं पाहिजे. जमत नसेल तर मासे आहेतच.”

“आम्ही काय पडदा आहोत का?” मास्तर पुटपुटले.

“वाजवा हो,” माझा नवरा म्हणाला. एवढ्या ठामपणे बोलताना मी त्याला बँडमध्ये कधी ऐकलं नव्हतं. “वादळ, काठ्या ठेव. ब्रश घे.”

वादळनं ते बारीक तारांचे, हलक्या आवाजाचे ब्रश हातात घेतले, ते कुणीतरी त्याला रांगोळी काढायला सांगितल्यासारखे. मास्तरांनी माइक दूर सारला. आम्ही दोन टेबलं जोडून बसलो आणि आता लपवायचं काही नव्हतं म्हणून मी खुर्ची स्टेजकडे वळवली.

गाणं तेच होतं, शंभरदा ऐकलेलं. पण ड्रमचा आवाज खाली आला, मास्तरांचाही आला आणि त्यांच्या खालून काहीतरी जाड, उबदार, पावलं टाकल्यासारखं वर आलं. आधी मला कळेना कुठून येतंय ते. मग नवऱ्याची बोटं दिसली. लग्नाला चार वर्षं झाली आणि हा काय वाजवतो ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं.

मी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. “आई, ऐकताय का?”

“शूऽऽ,” त्या म्हणाल्या.

कोपऱ्यातलं जोडपं डोकी जवळ करून बोलत होतं. गाणं संपलं तरी त्यांनी वर पाहिलं नाही.