ज्योतबाबांचे लुकलुकते शेंगदाणे

राखोलीच्या चाळीत त्या श्रावणात सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर ज्याच्या घरचे शेंगदाणे बुरसटलेले त्याला. हसू नका, खरंच सांगतोय. दर रविवारी भर दुपारी ज्योतबाबांच्या खोलीबाहेर रांग लागायची आणि प्रत्येकाच्या हातात गावाकडच्या दाण्यांची पुडी असायची. खिडकीला गोणपाट, दाराला घोंगडी, आत मिट्ट काळोख. बाबा दाणे सोलून ताटात पसरायचे, ताट देवाच्या फोटोपुढे धरायचे, आणि त्यातले काही दाणे निळसर लुकलुकायला लागायचे.

"जिस के घर में पुण्य, उस के दाने में ज्योत," बाबा सूर लावायचे. "दाणा विझलेला निघाला, तर आपलं पाप आठवा. ज्योतीचे सात दाणे रोज अनशापोटी खा. कडू लागले तर समजा, रोग बाहेर पडतोय."

नवऱ्याने नेलेले कावेरीचे दाणे विझलेले निघाले. निघणारच. धुळ्याहून पोतं आलं की ती ते वाळवायची, निवडायची आणि कोरड्या डब्यात भरायची. चाळीतल्या बाकी घरांत तशी रीत नव्हती. खराब दाणा भाजायचा आणि लसूण-मिरचीच्या चटणीत दडपायचा, म्हणजे कडूपणा कळत नाही. शेजारची चिमाबाई तर आता ज्योत वाढावी म्हणून दाण्यांवर पाणी शिंपडत होती.

"तू निवडून निवडून घरातलं पुण्य उकिरड्यावर टाकलंस," कावेरीचा नवरा सुकदेव कुरकुरला. गेल्या वर्षी काविळीने त्याला पार लोळवलं होतं, अजून अंगात जीव नव्हता. तो चिमाबाईकडून रोज सात दाणे मागून आणायचा आणि डोळे मिटून गिळायचा.

कावेरी स्वतः दर्शनाला गेली ती त्याच्या हट्टापायी. काळोखात बाबा हसले, आणि त्यांचे दात चमकले. धोतर तर दाण्यांहून जास्त चमकत होतं. कावेरी तिथंच थबकली. जवळच्या मसाट गावातल्या सुताच्या कारखान्यात ती चेकिंगला होती. तिथल्या अंधाऱ्या खोलीत जांभळ्या ट्यूबखाली बॉबिनी, म्हणजे सुताच्या रिळी, तपासायच्या. वेगळं सूत मिसळलं असेल तर ते वेगळं चमकतं. सुपरवायझर निलेश हसला की त्याचेही दातच तेवढे दिसायचे. हे असले दात ती आठ वर्षं रोज बघत होती.

दुसऱ्या दिवशी चिमाबाईचे मूठभर दाणे घेऊन ती दवाखान्यात गेली आणि काळोखातल्या चमकेचंही सांगितलं. डॉक्टर शोभाताईंनी दाणा फोडला, हुंगला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ही बुरशी. तुमच्या कारखान्यातल्यासारख्या जांभळ्या ट्यूबखाली असे काही दाणे निळसर चमकतात. काही बुरश्या दाण्यात विष सोडतात. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो. काविळीचा विषाणू अंगात मुक्काम करून असला, तर धोका कितीतरी पट."

"भाजून खाल्ले तर?"

"भाजून जात नाही, तिखटानेही नाही. आणि चमक बघून ठरवू नकोस, न चमकणाऱ्या दाण्यातही विष असतं. बुरशी दिसली, दाणा सुरकुतला, कडू लागला की टाकायचा. सुकदेवांना रक्त तपासायला आण."

कावेरीने घरी जाऊन हे सांगितलं, पण सुकदेवने ऐकलं नाही. बाबा नुसता सोंगाड्या असता तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण इथे तिचा नवरा पुण्य समजून विष गिळत होता.

रविवारी ती रांगेत उभी राहिली, पदराखाली सुकदेवचं बनियन. आत गेल्यावर तिने ते ताटावर पसरलं. बनियन असं लखलखलं की दाणे बापडे दिसेनात.

"बाबा, दाण्यात पुण्य आहे, मग ह्यात काय, वैकुंठ?"

बाबांनी हात जोडले. "बेटी, तेरा पती महात्मा है."

"महात्मा कसला. काल कपडे पांढरे करायच्या पावडरीत भिजवलंय मी." तिने फोटोमागे हात घातला. हाराखाली वायर, वायरीला बटण. तिने ते चारदा दाबलं. दोनदा पुण्य गेलं, दोनदा आलं. मग तिने दाराची घोंगडीच ओढली. उजेडात फोटोमागची जांभळी ट्यूब सगळ्यांना दिसली.

"ती आरतीची ट्यूब आहे," बाबा पुटपुटले. रांगेतला झिपरू म्हणाला, "अरे, हा तर आमच्या कारखान्यातून काढलेला वायरमन." चाळ खदखदून हसली. डॉक्टरांचं बोलणं कावेरीने सांगितलं, तेव्हा मात्र हसू थांबलं. चिमाबाईने पाण्याचा तांब्या आठवून आपली पुडी उकिरड्यावर टाकली.

सुकदेवच्या रक्तात काविळीचा विषाणू अजून होता. लिव्हरला सध्या इजा दिसत नाही, पण दर सहा महिन्यांनी यायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं.

पुढच्या रविवारी चाळ अंगणात दाणे निवडत बसली. ज्याला चमत्कार बघायचा त्याने आधी दाराची घोंगडी काढावी, वायर कुठे जाते ते बघावं. आणि अन्न उजेडात निवडावं, इतकंच माझं मागणं आहे. सुकदेवने निवडता निवडता एक दाणा तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला. त्याने बायकोकडे बघितलं आणि दाणा थुंकून टाकला.

"कडू होता," तो म्हणाला.

"मग आत्तापर्यंत जीभ कुठे ठेवली होती?" कावेरीने विचारलं, आणि डोळे पुसत सूप पुढे सरकवलं.