स्तोयांका मावशीचा खांब

बुर्गास बंदराच्या गोदीत वेल्डिंग करणाऱ्या झेल्याझ्कोनं ट्रायथलॉनमध्ये उतरायचं ठरवलं. पावणेचार किलोमीटर समुद्रात पोहायचं, एकशेऐंशी किलोमीटर सायकल हाणायची आणि वर बेचाळीस किलोमीटर धावायचं. वय त्रेचाळीस, पोट पुढे. सगळ्यांत मोठ्यानं हसला तो ओग्न्यान, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तोच. "तू पाण्यात उतरलास की किनाऱ्यावरच्यांचे टॉवेल भिजतील रे," म्हणाला, आणि हसता हसता धाप लागून नाकाला नळी लावून बसला.

ओग्न्यानची फुप्फुसं संपत आली होती. परदेशातल्या इस्पितळात पैसे भरले की नव्या फुप्फुसांच्या यादीत नाव लागणार होतं. झेल्याझ्को त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं गावभर शब्द टाकला की मी जितके किलोमीटर पार करीन, तितक्यांचे पैसे द्या. लोकांनी मान्य केलं. म्हणजे हा मध्येच बसला तर दोस्ताच्या श्वासाला तेवढं कमी पडणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

सकाळी सहाला तो पाण्यात उतरला तेव्हा फोन पिशवीत होता आणि पिशवी आयोजकांकडे. दुपारी तीनला सायकल टाकून धावायला लागला तेव्हा मांड्यांची लाकडं झाली होती. सात-सात किलोमीटरच्या सहा फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरी ओग्न्यानच्या गल्लीतून जात होती.

तिथे विजेच्या खांबाला पाठ लावून ओग्न्यानची आई उभी होती, स्तोयांका मावशी. नवरा गेल्यापासून बारा वर्षं ती काळेच कपडे घालायची, त्यामुळे तिच्याकडे बघून वेगळं काही वाटायचं कारण नव्हतं. ती टाळ्या वाजवायची, ओरडायची, पण खांब काही सोडायची नाही.

"ओग्न्यान कसा आहे?" दुसऱ्या फेरीला त्यानं विचारलं.

"मागचा टकल्या गाठतोय तुला! पळ!"

एरवी 'काय रे गोगलगायी, जेवून निघालास का?' असं डिवचणारा गल्लीतला मिंचो काका आज टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होता. झेल्याझ्कोला वाटलं, म्हाताऱ्याला एकदाची आपली किंमत कळली. दमलेल्या माणसाला स्वतःचं कौतुक फार लवकर पटतं.

चौथ्या फेरीला त्या गल्लीतच त्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो गुडघ्यावर आपटला. "अरे देवा!" म्हणत मावशी दोन्ही हात पुढे करून धावली. खांब उघडा पडला.

खांबावर काळ्या चौकटीचा कागद होता.

असे कागद त्या शहरात दारावर, बसथांब्यावर, झाडाच्या बुंध्यावर जागोजागी असतात. कोण गेलं, कितव्या वर्षी, मातीला कधी जमायचं. येता-जाता माणूस वाचतो आणि पुढे जातो. झेल्याझ्कोनं हा गुडघ्यावर बसूनच वाचला. फोटो गेल्या उन्हाळ्यातला, त्यानंच काढलेला. ओग्न्यान, वय त्रेचाळीस.

त्यानं नाव पुन्हा वाचलं. मग वय. मग पुन्हा नाव. त्याच गल्लीत त्याच चेहऱ्याचा दुसरा कुणी ओग्न्यान राहतो की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. मागून आलेल्या एकानं "ऊठ, जमेल तुला!" म्हणत पाठीवर थाप मारली, तेव्हा त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

"केव्हा?"

"सकाळी, साडेसहाला."

साडेसहाला तो समुद्रात खुणेच्या पिवळ्या फुग्याला वळसा घालत होता आणि चष्म्यात पाणी शिरलं म्हणून चिडला होता. त्याला स्वतःची किळस आली.

"आणि तुम्ही सगळ्यांनी मला पळवलंत?" तो ओरडला. "काका, तुम्हालाही माहीत होतं?"

मिंचो काकानं टोपी चुरगाळली.

"माझ्या गाढव जावयानं कागद डकवले," मावशी म्हणाली. "रीतच आहे ती. आज तू इथनं पळणार हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी खाली आले तर हा चिकटलेला. पोराचा कागद आईनं फाडायचा कसा, सांग? हात लावला, पण होईना. मग पुढ्यात उभी राहिले."

"दुपारपासून?"

"दुपारपासून."

झेल्याझ्को छातीवरचा नंबर ओढून काढायला लागला. "आता कशाला पळायचं? चल, मी येतो तुझ्याबरोबर घरी."

मावशीनं त्याचा हात घट्ट धरला.

"पैशांचं म्हणशील तर यादीत एक लहान मुलगी आहे, तिला जाऊ देत. पण मी काही पैशांसाठी उभी नाही. घरात त्याचं रिकामं अंथरूण आहे. त्याला घेऊन गेले. बायका रीतीप्रमाणे आरशांवर चादरी टाकतायत. इथे तू दिसेनासा झालास की मी म्हणते, येईल परत. आणि तू येतोस." तिनं दोन बोटं वर केली. "अजून दोनदा यायचंय तुला. तू थांबलास तर मला घरात जावं लागेल रे."

त्यानं ओढलेला नंबर पुन्हा छातीवर दाबून बसवला. मिंचो काकानं काखेत हात घालून त्याला उभं केलं. पाय टेकवत नव्हता. तरी तो निघाला, लंगडत, रडत, चालण्याहून जेमतेम जोरात.

"किती वेळात येशील?" मागून मावशीनं विचारलं.

"तासाभरात."

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "सावकाश ये."